गायीला गोचीड, भावाला सलाईन

पोळ्याच्या आठवड्यात आमच्या घरात दोन आजारी होते. गोठ्यात संकरित गाय आणि ओसरीवर धाकटा भाऊ. दोघांनाही ताप. गायीला एकशे पाच, भावाला एकशे तीन.

गायीसाठी फोन केला तर तासाभरात जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर हजर. चहाही न घेता गोठ्यात शिरले, शेपटी उचलून थर्मामीटर लावला आणि तो तिथं असतानाच दुसऱ्या हाताने गायीच्या खांद्यापुढची गाठ चाचपली. लिंबाएवढी सुजली होती. मग त्यांनी कान उलटा केला. कानाच्या आत, जिथं कातडी पातळ आणि गुलाबी असते तिथं, एरंडीच्या बियांसारख्या फुगलेल्या पाच-सहा गोचिड्या एका रांगेत बसल्या होत्या. ‘गोचीड ताप आहे, दादा,’ ते म्हणाले. इंजेक्शन महाग होतं, दीड हजाराच्या वर. तिसऱ्या दिवशी गाय वैरण ओढायला लागली. डॉक्टरांच्या पेट्रोलसकट खर्च 2,300 रुपये.

भावाला अकरा दिवस लागले, चार दवाखाने लागले, आणि 2 लाख 64 हजार रुपये लागले. पहिले दहा दिवस त्याला एकाही शहाण्या माणसाने विचारलं नाही की, बाबा रे, तुला गोचीड चावली का?

आमच्या यावल तालुक्यात गोचीड ताप हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो जनावरांचा. थायलेरिया नावाचा जंतू, गोचिडीतून गायीच्या रक्तात जातो, संकरित गायीला जास्त छळतो, गीर गायीला कमी. हे सगळं आम्ही चावडीवर बसून सांगू शकतो. गोचीड माणसालाही ताप देते, वेगळ्या जंतूने का होईना, हे मात्र आम्हाला माहीत नाही. त्याबद्दल आम्हाला माफ करा, आम्ही केळी पिकवतो. ज्यांनी साडेपाच वर्षं घालवून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला, त्यांना माहीत नसेल तर त्यांना माफ करायला मी तयार नाही.

अकरा दिवसांचा हिशेब सांगतो, मग काय ते ठरवा.

पहिले दोन दिवस गावातलेच डॉक्टर. ‘व्हायरल आहे.’ एक बाटली, दोन सुया, पुडीत बांधलेल्या चार रंगांच्या गोळ्या. चारशे रुपये. तिसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं, तिथं रक्त काढलं, विडाल केली. ‘टायफॉईडचा अंश आहे.’ आमच्याकडे टायफॉईड पूर्ण कधीच नसतो, नेहमी अंशच असतो. पन्नास वर्षं झाली, हा अंश आमच्या भागात फिरतोय आणि प्रत्येक पावसाळ्यात कितीतरी लॅबची आणि मेडिकलची चूल त्याच्यावर पेटते. पाचव्या दिवशी नवीन रिपोर्ट आला: पेशी कमी झाल्या. प्लेटलेट बासष्ट हजार. आता ‘पेशी’ हा शब्द ऐकला की खानदेशातल्या कुठल्याही घरात रडारड सुरू होते. डेंग्यूची कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली, तरी ‘डेंग्यूसारखंच आहे’ असं सांगण्यात आलं. नातेवाइकांनी पपईच्या पानांचा रस आणला, एका मामांनी किवी आणली. चाळीस रुपयांना एक. ज्या घराच्या मागे तीन एकर केळी उभी, त्या घरात किवीच्या फोडी करून चमच्याने भरवत होतो. रडावं की हसावं कळेना.

सहाव्या दिवशी रात्री भाऊ बरळायला लागला. गाडी केली, जळगावला एका खाजगी आयसीयूत नेलं. दारातच पन्नास हजार डिपॉझिट. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. अशा दवाखान्यांची पाटी फक्त वेगळी असते. चार दिवसांत त्यांनी त्याच्यावर जे केलं त्याची यादी आमच्याकडे आहे. नऊ पानं. सेप्सिस असं निदान. दिवसातून तीन वेळा एक इंजेक्शन, ज्याच्या कुपीवर छापलेली किंमत वाचून माझ्या भावजयीने ती कुपी दोन्ही हातांत धरली, पडायला नको म्हणून. हातमोज्यांचे एवढे जोड की आमच्या गावातल्या सगळ्या माणसांना पुरून उरले असते. सीटी स्कॅन. किडनीचे डॉक्टर एकदा येऊन गेले, मेंदूचे एकदा, हृदयाचे दोनदा. प्रत्येकाची फी वेगळी. प्रत्येकाने आपापला अवयव पाहिला. पाय कुणाच्याच वाट्याला आले नाहीत.

दहाव्या दिवशी पैसे संपले. ‘आमच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ या कागदावर माझी सही घेऊन त्यांनी पेशंट सोडला. आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, जिथं आधीच जायला हवं होतं असं आता सगळे सांगतात. तिथं मेडिसिन वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टरीणबाई होती. आमच्या पोरीच्या वयाची. डोळे झोपेने सुजलेले. तिने फाइल चाळलीसुद्धा नाही. आधी पायावरचं पांघरूण काढलं.

तळव्यांवर बारीक जांभळट-लाल ठिपके होते. तळहातांवरही. आम्ही ते पाहिले होते, आणि ‘सलाईनची रिअ‍ॅक्शन असते कधीकधी’ असं नर्सने सांगितल्यावर गप्प बसलो होतो. डॉक्टरीणबाईने बोटाने एक ठिपका दाबला, सोडला, परत दाबला. मग विचारलं, ‘घरी कुत्रं आहे? गुरं?’

भाऊ अर्धवट शुद्धीत होता. म्हणाला, ‘हाये नं. पोळ्याले बैल धुतले नं.’

‘गोचिड्या काढल्या का हाताने?’

‘काढल्या. मोत्या कुत्र्याच्याबी काढल्या.’

‘काढून काय केल्या?’

‘नखानं फोडल्या.’

तिने लगेच डॉक्सिसायक्लिन लिहिली. सकाळ-संध्याकाळ एक. अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरला. अकरा दिवस जो हाडात बसला होता तो ताप. जेनेरिक घेतली तर त्या गोळ्यांचा सात दिवसांचा पूर्ण कोर्स शंभराच्या नोटेत बसतो आणि वर सुटे परत येतात. सरकारी दवाखान्यात तेवढेही लागले नाहीत.

आता मला सांगा, हा महागडा आजार आहे का?

मी हे सांगायला लागलो की लोक म्हणतात, दुर्मिळ असेल हो, डॉक्टर बिचारे काय करणार. दुर्मिळ? या तापाची गोष्ट ऐका. मेगॉ नावाचा एक ब्रिटिश लष्करी डॉक्टर कुमाऊंच्या डोंगरात गेला असता त्याला गोचीड चावली, ताप आला, अंगावर पुरळ उठलं. 1921 साली त्याने लिहून ठेवलं की हिंदुस्थानात टायफससारखा एक ताप आहे आणि तो बहुधा गोचीड पसरवते. शंभर वर्षं होऊन गेली. याला आज इंडियन टिक टायफस म्हणतात. नावातच इंडियन आहे. रिकेट्सिया कोनोराय हा जंतू, बहुतेक वेळा कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून येणारा. पार्कच्या ज्या जाड पुस्तकातून देशातले बहुतेक एमबीबीएस सामाजिक आरोग्य शिकतात, त्यात याच्यावर मजकूर आहे. म्हणजे शिकवलं नाही असंही नाही. परीक्षेत लिहून झालं आणि पेपरच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेलं.

बरं, पुस्तक लांब असेल. अकोला किती लांब आहे? भुसावळला गाडीत बसा, दोन-अडीच तासांत उतराल. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी मुलांमधल्या या तापावर वर्षानुवर्षं काम केलं. 2011 साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुण देण्याची एक पद्धत छापली. महागडी तपासणी हाताशी नसलेल्या डॉक्टरने, समोरच्या पेशंटला नुसतं बघून, विचारून आणि साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून हा ताप कसा ओळखायचा, त्याची. गोचीड चावली का, जनावरांशी संबंध आला का, तळहात-तळव्यावर पुरळ आहे का, प्लेटलेट कमी आहेत का, असल्या गोष्टी. म्हणजे आमच्यासारख्या तालुक्यांसाठीच केलेलं काम. अकोल्याचा कापूस भुसावळच्या पुढे जातो, अकोल्याचं शहाणपण वाटेतच कुठंतरी उतरतं.

आणि 2015 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या सगळ्या रिकेट्सियाच्या तापांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला मुख्य मुद्दा एवढाच की संशय आला की तपासणीच्या निकालाची वाट बघत बसू नका, डॉक्सिसायक्लिन सुरू करा. शिकाऊ डॉक्टरीणबाईने तेच केलं. तिने काही चमत्कार केला नाही. सरकारी कागदात जे लिहिलंय ते केलं, आणि आपल्या देशात तेवढ्यालाच चमत्कार म्हणायची वेळ आली आहे.

आता आयसीयूतल्या त्या महागड्या इंजेक्शनबद्दल. हा जंतू रक्तात उघडा फिरत नाही. तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये घुसून तिथं वाढतो. म्हणूनच बारीक रक्तवाहिन्या जागोजागी दुखावतात आणि तळव्यावर ठिपके येतात. मेरोपेनेम, पिपरॅसिलीन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही जी मोठमोठी नावं बिलावर असतात, ती या जंतूवर चालत नाहीत. अजिबात नाहीत. चार दिवस भावाच्या शिरेतून हजारोंचं औषध वाहत होतं आणि जंतूला त्याचा पत्ताही नव्हता. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बोंडअळीवर तणनाशक मारत होते. आम्ही असं केलं असतं तर कृषी अधिकाऱ्याने गावासमोर आमची अक्कल काढली असती. आणि मारलेल्या तणनाशकाचं बिल कृषी अधिकाऱ्याने आम्हालाच लावलं नसतं, हेही आहे.

कुपीवरच्या छापील किमतीचं गुपित तर सरकारनेच एकदा फोडलं होतं. 2018 साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीच्या आसपासच्या चार खाजगी इस्पितळांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि सुया-नळ्यांवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचं आढळलं. आकडा परत वाचा. आमच्या केळीवर कधी सतरा टक्के सुटले तर आम्ही मनुदेवीला नारळ फोडतो. दिल्लीची बिलं जळगावशी जोडू नका असं कुणी म्हणेल. ठीक आहे, जोडत नाही. जळगावच्या बिलांची अशी तपासणी कुणी करेल तेव्हा जोडू.

कायदा नाही का? आहे की. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने नर्सिंग होमचे नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असं त्यात आहे. मी शोधली. रिसेप्शनच्या मागे, पिण्याच्या पाण्याच्या मशीनच्या आड, मनी प्लँटच्या वेलीत गुंतलेली, इंग्रजीत. दर्शनी भाग कुणाला दर्शनी, ते नियमात लिहायचं राहून गेलं असावं.

‘मग योजना का नाही वापरली?’ हा पुढचा प्रश्न. तो नेहमी असा माणूस विचारतो ज्याने योजना कधी वापरलेली नसते. राजीव गांधी जीवनदायी नावाने 2012 मध्ये सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान आली, दोन्ही एकत्र झाल्या, आणि आता रेशनकार्डवाल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं कवच आहे असं बसच्या पाठीवर लिहिलेलं असतं. मी योजनेच्या विरोधात नाही. आमच्या गल्लीतल्या दोघांचं हृदय याच योजनेवर चालतंय. पण योजना कधी हात देते ते बघा. माणूस भरती झाला पाहिजे, योजनेतल्याच दवाखान्यात भरती झाला पाहिजे, आणि त्याच्या आजाराला यादीतलं नाव मिळालं पाहिजे. रात्री दीड वाजता बरळणाऱ्या भावाला घेऊन निघताना कुठला दवाखाना यादीत आहे हे बघायला आम्ही थांबलो नाही. आणि ओपीडी योजनेत नाही. गावातली बाटली नाही, विडाल नाही, पेशींचे रिपोर्ट नाहीत, भाड्याची गाडी नाही. गरिबाचा खिसा जिथं रोज थोडा थोडा कापला जातो तिथं योजना नाही, मान कापायची वेळ आली की ती हजर होते.

आणि ज्या डॉक्टरीणबाईने पायावरचं पांघरूण काढलं, तिच्या त्या एका प्रश्नाचं पॅकेज कुठल्या यादीत आहे? तळवे बघण्याचा कोड काय? बघण्याला आणि विचारण्याला या व्यवस्थेत दर नाही. आयसीयूच्या बेडला दर आहे. चौदा गोळ्यांत कुणाचं काही सुटत नाही. सुटलं असतं तर एव्हाना खानदेशात गल्लोगल्ली ‘गोचीड ताप तपासणी शिबिर’ भरलं असतं, फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या नऊ जणांच्या फोटोसकट.

अमेरिकेत गोचिडीतूनच येणारा एक ताप आहे, लाइम. कनेक्टिकटमधल्या लाइम नावाच्या गावावरून नाव पडलं, सत्तरीच्या दशकात. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू शोधला. तिथं मोठं भांडण आहे. औषध घेऊनही काही जणांचा थकवा, सांधेदुखी वर्षानुवर्षं जात नाही. काही डॉक्टर त्यांना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देतात, विमा कंपन्या पैसे देत नाहीत, लोक घरं गहाण टाकून उपचार घेतात, आणि मोठे अभ्यास सांगतात की त्या लांबलेल्या औषधाचा उपयोग होत नाही. त्या माणसांबद्दल मला वाईट वाटतं, कारण त्यांचं दुखणं खरं आहे आणि त्यावर औषध नाही. पण आमचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त लाजिरवाणं आहे. आमच्या तापावर औषध आहे, ते जुनं आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असायला हवं असं आहे. अमेरिकन माणूस औषध नाही म्हणून कर्जात जातो. आम्ही औषध आहे हे कुणी सांगितलं नाही म्हणून जातो.

आपल्याच राज्यात दुसरीकडे काय झालं तेही पाहा. 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. तोही गोचिडीतूनच, पण विषाणूचा. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला. काजूच्या बागांत राबणारी माणसं आजारी पडली, काही गेली. तिथं आरोग्य खातं हललं, कारण आधी माकडं मरून पडली होती आणि मेलेलं माकड सगळ्यांना दिसतं. विदर्भात 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस उठला. हा बारीक किड्याच्या अळीतून येतो, चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, आणि औषध पुन्हा तेच, डॉक्सिसायक्लिन. तिथंही माणसं मेल्यावर बातम्या आल्या आणि काही महिने सगळ्यांना खपली शोधायची आठवण राहिली. आमच्याकडे माकडं मरत नाहीत. माणसं मरतात, पण ती ‘तापाने गेला’ या दोन शब्दांत मावतात.

सातपुड्याच्या पायथ्याला जा. आमच्या तालुक्याच्या डोक्यावरच यावलचं अभयारण्य आहे, तिथले पावरा, बारेला, तडवी पाडे. शेळ्या घरात, कुत्री घरात, माणसं तेंदूपत्त्याला, मोहाला, चारोळीला जंगलात. गोचीड त्यांच्या अंगावर रोज चढते आणि रोज उतरते. माझा भाऊ निदान 2 लाख 64 हजार रुपये घालवण्याएवढा श्रीमंत होता. पाड्यावरच्या माणसाला हा ताप आला तर त्याच्या तळव्यावरचे ठिपके कोण बघणार? काळ्या मातीने माखलेले, अनवाणी, भेगाळलेले तळवे. डॉक्टरला ते धुवून बघावे लागतील. यावलला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, योजनांचे फलक आहेत, मोटारी आहेत. 1936 साली याच तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजीही आले होते. देशाचे सगळे मोठे लोक एकदा येऊन गेले. पाय बघणारा डॉक्टर तेवढा यायचा राहिलाय.

सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळा होत नाही. सुई मारल्याशिवाय आम्हाला डॉक्टर आवडत नाही, हे खरं आहे. गोळ्या देऊन पाठवणाऱ्याला ‘त्याले काही येत नही’ म्हणतो आणि बाटली लावणाऱ्याच्या ओट्यावर रांग लावतो. बैलाच्या अंगावरच्या गोचिड्या नखाने फोडणं हा आमच्याकडे पोरांचा खेळ आहे. मीही लहानपणी केलाय, फुटल्यावर काळपट रक्त उडतं ते बघायला मजा वाटायची. मोत्या ओसरीवर माणसांच्या अंथरुणात झोपतो. जनावरांच्या डॉक्टरांनी आधीच गोठ्यात फवारायला औषध सांगितलं होतं, ते आणायला भावाला दोन आठवडे वेळ मिळाला नाही, कारण केळीला खत टाकायचं होतं. हे सगळं मान्य. पण आमच्या अडाणीपणाचं बिल आम्ही भरलं. त्यांच्या अडाणीपणाचंही आम्हीच भरलं. हिशेबात एवढाच फरक मला खुपतो.

भाऊ घरी आला तो चिपाडासारखा होऊन. तीन महिने बागेत जायचा आणि बांधावर बसून राहायचा. भावजयीच्या पाटल्या पतपेढीत आहेत. व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, म्हणून त्याने नवतीची केळी स्वतःच्याच दराने कापून नेली; दर काय लावला ते मी लिहीत नाही, वाचून तालुक्यातले लोक हसतील. खोडव्याची केळी निसवली आहे, बघू. गाय मात्र दोन वेळचं मिळून चौदा लिटर देते. माय रोज संध्याकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि भावाकडे बघून म्हणते, ‘तुलेबी त्याच डॉक्टरले दाखवलं असतं तं बरं झालं असतं रे.’ ती चेष्टा करत नसते.

मी तेव्हापासून गावात बदनाम झालो आहे. कुणाला ताप आला की मी जातो आणि आधी पाय मागतो. लोक पाय देतात, कारण वयाने मोठा आहे, आणि मागून हसतात. परवा शेजारच्या गल्लीत आठवीतलं पोरगं तापाने पडलं होतं. मी गेलो. चादर बाजूला केली, बॅटरी लावली, दोन्ही तळवे नीट पाहिले, मग तळहात, मग काखा. गावातले डॉक्टर तिथंच बसले होते, बाटलीचा थेंब मोजत. ‘काय हो दादा,’ म्हणाले, ‘आता तुम्ही काढा दवाखाना.’

तळवे स्वच्छ होते. पोराचं नाक वाहत होतं, शिंकत होतं. साधी सर्दी होती त्याला. हातात सुई खोचलेली आणि खुंटीला बाटली टांगलेली.